हातहत्यारांचीं एकस्वें : लिखित, भुक्ति व साक्षी

विजेवर चालणारें व हातांत धरून वापरावयाचें ड्रिल, करवत किंवा ग्राइंडर हा विषय ह्या त्रैमासिकाच्या वाचकांस परका वाटण्याचा संभव आहे. ताम्रपट, सनदा, मोडी दफ्तरें व हस्तलिखित पोथ्या ह्यांत रमणाऱ्यांस सुताराच्या दुकानांतील घरघरीशीं काय कर्तव्य, असें कोणीही विचारील. आम्हींही तसेंच विचारलें असतें. परंतु पिंगळी येथें आमच्याच हातून घडलेल्या एका प्रमादानें आमचा समज पालटला. तो प्रमाद प्रथम निवेदन करतों व मग विषयाकडे वळतों.

परभणी व पूर्णा ह्यांच्या दरम्यान लोहमार्गावर पिंगळी हें लहानसें स्टेशन लागतें. ह्या गांवांतील एका घरीं लाकडी पेटींत बांधून ठेवलेली भागवताच्या दशमस्कंधाची पोथी आम्हांस पहावयास मिळाली. पोथीच्या पुष्पिकेंत लेखनाचा शक स्पष्ट दिलेला होता. अक्षर वळणदार, शाई दाट, कागद जुन्नरी वळणाचा. शंकेस जागा नव्हती. आम्हीं आमच्या वहींत पोथीची नोंद केली व तिच्या खालींच, ‘पेटी पोथीच्याच काळची’, असें लिहून टाकलें. शाळेंत चाळीस वर्षें मुलांस ‘पाहिल्याशिवाय लिहूं नका’ म्हणून बजावणाऱ्या माणसानें पेटीचें झांकण नीट पाहिलेंही नाहीं, ही गोष्ट कबूल करण्यास आम्हांस लाज वाटते.

पुढें पेटीची एक फळी सुटली म्हणून घरधन्यानें गांवांतील एका वृद्ध सुतारास बोलाविलें. त्या वेळीं आम्ही तेथें होतों. सुतारानें बिजागरीवर बोट ठेविलें आणि हंसून विचारिलें, ‘गुरुजी, पेशव्यांच्या राज्यांत फुलीचे स्क्रू होते काय?’ आम्ही वांकून पाहिलें. बिजागरीच्या चारही स्क्रूंच्या माथ्यावर फुलीच्या आकाराची खांच होती. ही खांच बाजारांत रुळली ती अमेरिकेंतील हेन्री फिलिप्स ह्यास इ. स. १९३६ मध्यें मिळालेल्या पेटंटांच्या मागून. आपल्याकडील खेड्यांत ती पोहोंचण्यास त्याहूनही अधिक काळ लागला असला पाहिजे. आमची नोंद एका स्क्रूनें खोटी पाडली.

ही फुलीची खांच मुळांत कशासाठीं निघाली, हें पाहूं लागतांच आम्ही प्रस्तुत विषयापर्यंत येऊन पोहोंचलों. सरळ खांचेंत हातानें फिरवावयाचें हत्यार बेताबेतानें बसवितां येतें. परंतु तेंच यंत्रानें वेगानें फिरूं लागलें म्हणजे खांचेंतून निसटतें. फुलीच्या खांचेंत हत्याराचें टोंक आपोआप मध्यावर येऊन बसतें. म्हणून मोटारगाड्यांच्या कारखान्यांनीं ही पद्धति उचलली. जनरल मोटर्सनें इ. स. १९३६ मध्येंच आपल्या कॅडिलॅक गाडींत तिचा उपयोग केला. म्हणजे पिंगळीच्या पेटीवरील ती लहानशी फुली ही यंत्रानें फिरणाऱ्या हातहत्यारांच्या युगाची मुद्राच होय. शिवाय मूळ कल्पना फिलिप्सची नव्हे. ती थॉम्प्सन नांवाच्या दुसऱ्या गृहस्थाची. फिलिप्सनें ती विकत घेऊन सुधारिली. तेव्हां ‘अमुक शोध अमक्याचा’ हें विधान किती सावधपणें करावें लागतें, ह्याचाही वस्तुपाठ त्याच फुलींत होता.

आतां पेटंट म्हणजे काय तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. त्यास मराठी राज्यव्यवहारांत ‘एकस्व’ असा शब्द आहे. मूळ लॅटिन नांवाचा अर्थ ‘उघडीं पत्रें’ असा होतो. राजाची मुद्रा पत्राच्या तळाशीं लोंबत असे, त्यामुळें मुद्रा न फोडतां तें कोणासही वाचतां येई. आपल्याकडील सनदेशीं ह्याचें साम्य सहज लक्षांत येईल. दोन्ही राजसत्तेनें दिलेलीं, दोन्ही सर्वांस उद्देशून, दोन्हींत एका व्यक्तीस विशेष हक्क. मात्र भेद मोठा आहे. सनदेनें वतन पुत्रपौत्रादि वंशपरंपरेनें चालतें. एकस्वाची मुदत ठराविक असते आणि ती संपली म्हणजे शोध सर्वांचा होतो. त्या मुदतीच्या मोबदल्यांत शोधकानें आपल्या युक्तीचें वर्णन, आकृति व ‘एवढा भाग माझा’ असे दावे उघड लिहून द्यावे लागतात. व्हेनिसच्या राज्यानें इ. स. १४७४ मध्यें असा कायदा केला, इंग्लंडांत इ. स. १६२४ च्या कायद्यानें चौदा वर्षांची मुदत ठरली.

असा लेख हातीं आला म्हणजे इतिहासकारानें त्यावर कितपत विसंबावें? ह्या प्रश्नास आमच्या मतें आपल्याच शास्त्रांत उत्तम उत्तर आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत लिखित, भुक्ति व साक्षी अशीं तीन मानवी प्रमाणें सांगितलीं आहेत. ह्या स्मृतीवर मिताक्षरा टीका लिहिणारा विज्ञानेश्वर हा कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयास होता. तें कल्याण आमच्या मराठवाड्यास लागूनच आहे. स्मृतिकार आणखी असें म्हणतात कीं, मालकीचा आगम हा नुसत्या उपभोगाहून बलवान खरा, वाडवडिलांपासून चालत आलेला उपभोग मात्र ह्यास अपवाद. परंतु ज्या आगमास थोडीही भुक्ति नाहीं त्यास बळ नाहीं. कागद आहे पण वहिवाट नाहीं, असा दावा पंगु समजावा, हें तात्पर्य. वतनाच्या तंट्यांतील महजर वाचणाऱ्यांस हा न्याय नवा नाहीं. तोच आपण हातहत्यारांस लावून पाहूं.

प्रथम हत्याराचें स्वरूप. विजेच्या पूर्वी आपल्याकडील सुतार सामत्यानें भोंक पाडीत असे. कमानीची दोरी सामत्यास वेढा घालून पुढें मागें ओढावयाची, म्हणजे सामता आलटून पालटून दोन्ही दिशांनीं फिरतो. एक हात कमानीवर व दुसरा माथ्यावरील खोबणीवर. कामाचा तुकडा धरण्यास पाय! गिरमिटानें एक हात सुटत नाहीं, फक्त फिरणें एका दिशेचें होतें. म्हणून हातहत्याराच्या इतिहासांतील खरा प्रश्न नुसत्या शक्तीचा नाहीं. शक्ति वाफेच्या यंत्रानेंही मिळत होती. परंतु तीस काम यंत्राकडे न्यावें लागे. हत्यार कामाकडे न्यावयाचें तर तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : लहान मोटर, ती पेलतां येईल अशी मूठ, आणि त्याच हाताच्या बोटाशीं असलेली कळ.

लहान मोटरीचा पहिला मोठा व्यापारी प्रयोग पोथीसंग्राहकांच्या जिव्हाळ्याच्या कामांत झाला, हें वाचून अनेकांस नवल वाटेल. तें काम म्हणजे नकला करणें. टॉमस एडिसन ह्यानें ‘विजेची लेखणी’ काढली व तीस इ. स. १८७६ च्या ऑगस्ट ८ रोजीं अमेरिकन पेटंट क्रमांक १,८०,८५७ मिळालें. लेखणीच्या माथ्यावर चिमुकली मोटर, पोटांत वरखालीं होणारी सुई, आणि वीज पुरविण्यास ओल्या बॅटरीची बरणी. लिहीत गेलें म्हणजे कागदावर बारीक छिद्रांचीं अक्षरें उमटत. मग त्या कागदावरून शाईचा रूळ फिरविला कीं खालच्या कागदावर नक्कल उठे. कोणाही शिक्षकानें परीक्षेच्या प्रश्नपत्रिका सायक्लोस्टाईलवर काढल्या असतील तर त्या यंत्राचें हें थोरलें भावंड त्यानें ओळखावें. लेखणी फार काळ टिकली नाहीं, कारण बॅटरी सांभाळणें कारकुनांस जड जाई. परंतु तिचा वंश निराळ्याच घरीं वाढला. न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायली ह्यानें त्याच तत्त्वावर गोंदण्याचें यंत्र केलें. त्याचें पेटंट इ. स. १८९१ चें आहे. आपल्या जत्रांत बॅटरीवर घरघरत नांव गोंदणारें यंत्र त्याच कुळांतलें. तत्पूर्वी इ. स. १८७५ मध्यें जॉर्ज ग्रीन ह्यास दांत कोरण्याच्या विजेच्या यंत्राचें पेटंट मिळालें होतें.

ह्यावरून एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. एडिसनच्या लेखणीपाशीं लिखित आहे, आणि अल्पकाळ कां होईना भुक्तिही आहे. परंतु ‘विजेचें पहिलें हातहत्यार’ ह्या मानाच्या यादींत तिचें नांव क्वचितच येतें, कारण ती सुताराच्या हातीं नसून कारकुनाच्या हातीं होती. आद्यत्वाचा मान बहुधा प्रश्न कसा विचारला ह्यावर अवलंबून असतो.

आतां विजेच्या ड्रिलाविषयींचे तीन प्रसिद्ध दावे घेऊं. पहिला ऑस्ट्रेलियांतील. मेलबर्न येथील आर्थर जेम्स आर्नट व विल्यम ब्लँच ब्रेन ह्यांनीं इ. स. १८८९ च्या ऑगस्ट २० रोजीं विजेच्या ड्रिलाचें पेटंट घेतलें. हें लिखित प्रमाण उत्तम, तारीखवार. परंतु ह्या यंत्राचा रोंख मुख्यत्वें खडक फोडण्यावर व कोळसा खणण्यावर होता. म्हणून ‘विजेचें पहिलें ड्रिल’ ह्या दाव्यास तें साधक. ‘हातांतील पहिलें ड्रिल’ ह्यास नव्हे.

दुसरा दावा जर्मनींतील. स्टुटगार्ट येथील फाईन ही कंपनी इ. स. १८६७ मध्यें स्थापन झाली. तिनें इ. स. १८९५ मध्यें हातांत धरावयाचें विजेचें ड्रिल बनविलें. येथें मुख्य प्रमाण प्रत्यक्ष वस्तु व तिचा वापर, म्हणजे भुक्ति. धातूच्या जड कामाकडे यंत्र घेऊन जाणें त्यामुळें शक्य झालें. मात्र तें पेलण्यास दोन्ही हात गुंतत. कामाचा तुकडा धरावयास हात उरत नसे. म्हणजे सामत्याची अडचण विजेच्या रूपांत तशीच राहिली.

तिसरा दावा अमेरिकेंतील बॉल्टिमोरचा. डंकन ब्लॅक व अलोंझो डेकर ह्या दोघांनीं इ. स. १९१० मध्यें भागीदारी केली. भांडवल अवघें १,२०० डॉलर, आणि त्यांतील निम्मे ब्लॅकनें आपली मोटारगाडी विकून उभे केलेले. ह्यांनीं इ. स. १९१४ मध्यें अर्ज केला, इ. स. १९१६ मध्यें ड्रिल बाजारांत आणलें, आणि इ. स. १९१७ च्या नोव्हेंबर ६ रोजीं त्यांस पेटंट क्रमांक १२,४५,८६० मिळालें. ह्या यंत्राची मूठ पिस्तुलाच्या मुठीसारखी, आणि पिस्तुलाचा घोडा असतो तेथेंच विजेची कळ. बोट दाबलें कीं यंत्र चालूं, बोट सोडलें कीं बंद. ह्यांत मोटर नवी नव्हती, ड्रिल नवें नव्हतें, पिस्तूल तर मुळींच नवें नव्हतें. नवा होता तो संयोग. आणि दावाही त्या संयोगाचाच केलेला होता. आज परभणीच्या बाजारांत कोणतेंही ड्रिल उचलून पहा, मूठ व कळ तीच आढळेल. लिखित आणि अखंड भुक्ति अशीं दोन्ही प्रमाणें येथें एकवटलीं आहेत.

तेव्हां निर्णय असा : विजेच्या ड्रिलाचा लेख मेलबर्नचा, हातांतील ड्रिलाची वस्तु स्टुटगार्टची, आणि ज्या रूपानें तें लोकांच्या हातीं नांदलें तें रूप बॉल्टिमोरचें. तिघांपैकीं एकासच ‘जनक’ म्हणून बाकीच्यांस पुसून टाकणें म्हणजे तीन निरनिराळ्या प्रमाणांस एकच समजणें होय.

हातकरवतीची कथा तर आमच्या मुलखास अधिक जवळची आहे. अमेरिकेंत न्यू ऑर्लिन्स येथील एडमंड मिशेल ह्यानें मजूर कोयत्यानें ऊंस तोडतांना पाहिले आणि कोयत्यास मोटर जोडण्याचा खटाटोप केला. यंत्र उंसाच्या कामीं रुळलें नाहीं. परंतु त्याच विचारांतून पुढें लांकूड कापणारी गोल पात्याची हातकरवत निघाली. जोसेफ सलिव्हन ह्याच्या भागीदारींत इ. स. १९२४ मध्यें कंपनी उभी राहिली, आणि इ. स. १९२६ पासून ती स्किलसॉ ह्या नांवानें प्रसिद्धीस आली. मिशेल त्याच वर्षीं आपला हिस्सा विकून बाहेर पडला. कल्पना उंसाच्या फडांतून निघाली, लाभ सुतारास झाला. आणि आमच्या मराठवाड्यांतील ऊंसतोड मजूर दरसाल हंगामास निघतो तो अद्यापि बहुधा कोयता घेऊनच. शोध ज्याचे कष्ट पाहून सुचतो, त्याच्याच हातीं तो येतो असें नाहीं, ही खंत ह्या कथेच्या पोटीं आहे.

आतां आपल्या देशाकडे येऊं. हिंदुस्थानांत पहिला एकस्वाचा कायदा इ. स. १८५६ चा सहावा. त्याखालीं पहिला अर्ज कलकत्त्याच्या जॉर्ज डीपेनिंग ह्याचा, त्या वर्षाच्या मार्च ३ चा. विषय, पंखा ओढण्याचें यंत्र. पंखेवाल्याच्या हाताची जागा घेणारी युक्ति हाच आपल्या एकस्वांचा श्रीगणेशा, ही गोष्ट मार्मिक आहे. परंतु हा कायदा विलायतेंतील राणीच्या मंजुरीवांचून केला गेला होता, म्हणून इ. स. १८५७ मध्यें तो रद्द करावा लागला व इ. स. १८५९ मध्यें पंधरावा कायदा नव्यानें झाला. देणाऱ्याचाच अधिकार अपुरा असला तर सनद कशी पडते, ह्याचें ह्याहून नमुनेदार उदाहरण सांपडणें कठीण. पुढें इ. स. १८८८ व इ. स. १९११ हे कायदे आले. इ. स. १९११ चा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानास लागू होता. पिंगळी त्या काळीं निजामाच्या राज्यांत होतें व सप्टेंबर १९४८ पर्यंत तेथेंच राहिलें. म्हणून कलकत्त्याचें एकस्व त्या कायद्याच्या बळावर आमच्या गांवांत चालूं शकत नव्हतें. जुन्या हत्याराचा दस्तऐवज तपासतांना तो कोणत्या राज्याचा व हत्यार कोणत्या राज्यांतलें, हें म्हणूनच आधीं पहावें.

स्वतंत्र भारताचा कायदा इ. स. १९७० चा, तो इ. स. १९७२ च्या एप्रिल २० पासून अमलांत आला. त्यानें सामान्यतः चौदा वर्षांची मुदत ठेविली होती, इ. स. २००२ च्या दुरुस्तीनें ती वीस वर्षें झाली. ह्या कायद्यांत एकस्वधारकानें आपल्या शोधाचा भारतांत प्रत्यक्ष वापर होतो कीं नाहीं, ह्याचें विवरण वेळोवेळीं द्यावें लागतें; आणि तीन वर्षांनंतरही वापर होत नसल्यास दुसऱ्यास सक्तीचा परवाना मागतां येतो. भुक्तीवांचून आगमास बळ नाहीं, हा स्मृतीचा न्यायच नव्या पोषाखांत उभा आहे, असें आम्हांस वाटल्यावांचून राहिलें नाहीं.

मराठी माणसानें ह्या क्षेत्रांत लिखित कमी मिळविलें असें नाहीं. मुंबईचे शंकर आबाजी भिसे (१८६७–१९३५) ह्यांच्या नांवावर सुमारें दोनशें शोध व सुमारें चाळीस पेटंटें सांगितलीं जातात. त्यांचें खिळे पाडण्याचें यंत्र ‘भिसोटाइप’ ह्यास रतन टाटा ह्यांनीं द्रव्यसाहाय्य केलें. तथापि त्या यंत्रानें छापखाने व्यापले नाहींत. लिखित भरपूर, भुक्ति थोडी, असें हें उदाहरण आहे. उलट विजेच्या हातहत्यारांत आपल्याकडे भुक्ति आधीं आली. मुंबईस मुलुंड येथें विलायतेंतील वुल्फ कंपनीच्या सहकार्यानें राली वुल्फ हा कारखाना निघाला, आणि ड्रिल व ग्राइंडर देशांतच बनूं लागले. कोल्हापूर जिल्ह्यांत शिरोळ येथें इ. स. १९७६ मध्यें कुलकर्णी पॉवर टूल्स ही कंपनी स्थापन झाली. मोठ्या शहरापासून दूर, तालुक्याच्या गांवीं हातहत्यारें घडूं लागलीं, ही घटना स्थानिक इतिहासांत नोंदण्याजोगी आहे.

तारेवांचून चालणाऱ्या हत्यारांविषयीं चार ओळी लिहिल्या पाहिजेत. ब्लॅक अँड डेकर कंपनीनें इ. स. १९६१ मध्यें निकेल-कॅडमियमच्या बॅटरीवर चालणारें ड्रिल बाजारांत आणलें. पुढें इ. स. १९७१ मध्यें अपोलो १५ च्या अंतराळवीरांनीं चंद्राच्या पृष्ठभागांत भोंक पाडून खालची माती काढली ती बॅटरीच्याच ड्रिलानें. एडिसनची लेखणी जिच्यामुळें मागें पडली, ती बॅटरीच ऐंशींहून अधिक वर्षांनंतर हत्यारास मोकळें करण्यास कारण झाली. जेथें वीज केव्हां जाईल ह्याचा नेम नाहीं, अशा आमच्या भागांतील कारागिरास ह्याचें मोल वेगळें सांगावयास नको.

येथवर लिखित व भुक्ति ह्यांचें झालें. तिसरें प्रमाण साक्षी. आमच्या गांवांतील ज्या सुतारानें आमचा प्रमाद दाखविला, त्याच्या दुकानांत आम्ही पुढें अनेकदां बसलों. तिफणीच्या चाड्यास तो भोंकें पाडीत होता. चाड्यांतून बीं तीन नळ्यांत सारखें उतरावें लागतें, आणि नळ्या खालीं फांकत जात असल्यामुळें भोंकेंही ठराविक तिरपीं पाडावीं लागतात. विजेचें ड्रिल तिरपें धरलें कीं निसटतें. म्हणून त्यानें बाभळीचा एक ठोकळा घेऊन त्यांत तिन्ही तिरकस वाटा आधींच कोरून ठेविल्या आहेत. ठोकळा चाड्यावर बांधावयाचा व त्या वाटांतून ड्रिल घालावयाचें. तिन्ही भोंकें दर वेळीं एकाच कोनांत. ह्यास तो ‘घोडी’ म्हणतो. ही युक्ति तुमची कीं वडिलांची, असें विचारतां तो म्हणाला, ‘वडील सामत्यासाठीं अशीच करीत. मी भोंकें मोठीं केलीं, एवढेंच.’ पेटंटाच्या भाषेंत सांगावयाचें तर पूर्वज्ञान कोणतें व नवी भर कोणती, हें त्यानें एका वाक्यांत वेगळें करून दाखविलें. अर्ज, आकृति, दावा ह्यांतलें कांहींच नाहीं. साक्ष मात्र निर्मळ.

अशा साक्षीस किंमत काय, असें कोणी म्हणेल. परंतु कायद्यानें आतां तिला स्थान दिलें आहे. एखादी युक्ति भारतांतील किंवा अन्यत्रच्या एखाद्या स्थानिक समाजास तोंडीं किंवा अन्य रीतीनें आधींच ठाऊक होती, असें दाखविल्यास तिच्यावरील एकस्वास विरोध करतां येतो. आणि जुन्या पोथीचें बळ तर जगानें पाहिलें आहे. जखम भरण्याच्या कामीं हळदीच्या उपयोगावर अमेरिकेंत इ. स. १९९५ मध्यें पेटंट दिलें गेलें. डॉ. रघुनाथ माशेलकर ह्यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें त्यास हरकत घेतली. पुराव्यांत संस्कृत ग्रंथांतील आधारही होते, इ. स. १९९७ मध्यें तें पेटंट रद्द झालें. आमच्या शेजारच्या वसमतची पेठ हळदीसाठीं नामांकित. तेथील कोणत्याही आजीबाईनें जें तोंडीं सांगितलें असतें, तें कागदावर दाखवितां आलें म्हणून दावा पडला. साक्ष वेळींच लिहून ठेविली नाहीं तर पुढें ती लिखितापुढें उभी राहूं शकत नाहीं, हा ह्यांतील बोध.

ह्या विवेचनाचा संग्राहकांस व्यवहारांत उपयोग व्हावा म्हणून कांहीं खुणा सांगतों. पोथीच्या पाट्या, पेट्या, देव्हारे, चौकटी ह्या तपासतांना प्रथम स्क्रू पहावे. टोंक बोथट असेल तर स्क्रू जुना असण्याचा संभव. अणकुचीदार टोंकाच्या स्क्रूचा प्रसार टॉमस स्लोन ह्याच्या इ. स. १८४६ च्या पेटंटानंतरचा. माथ्यावर फुली असल्यास इ. स. १९३६ च्या मागें जाऊं नये. भोंकांत सर्पिल पिळाच्या पात्याची खूण असेल तर स्टीफन मोर्स ह्याचें इ. स. १८६३ चें पेटंट आठवावें. फळीच्या पाठीवर कमानीसारख्या वांकड्या, समांतर रेघा असल्यास ती गोल पात्याच्या करवतीची. हातकरवतीच्या रेघा सरळ पण विषम असतात. दगडावरील अक्षरांतही हाच न्याय. छिन्नीचा घाव तुटक व कमीजास्त खोल. ग्राइंडरच्या चकतीची चीर एकसारखी आणि दोन्ही टोंकांस निमुळती होत वर येणारी. आमच्या पिंगळीस जुनी बारव आहे, आणि अशा वास्तूंचा जीर्णोद्धार करूं इच्छिणारांस आमची हात जोडून विनंति आहे कीं, जुन्या दगडावर ग्राइंडर फिरवूं नये. एका घटकेंत शतकांची खूण पुसली जाते व ती पुन्हां आणतां येत नाहीं.

मात्र येथें एक सावधगिरी. पेटंटाची तारीख आपणांस ‘ह्याच्या आधीं नव्हे’ एवढेंच सांगते, आणि तेंही त्या खिळ्यापुरतें. आमचा पहिला प्रमाद असा कीं, पोथीचा शक आम्हीं पेटीस लावला. सुतारानें फुली दाखविल्यावर आम्ही दुसरा प्रमाद करावयास निघालों होतों. सबंध पेटीच अलीकडील, असें लिहिण्यासाठीं आम्हीं लेखणी उचलली. त्यानेंच आमचा हात थांबविला. बिजागरी काढून त्यानें खालील जुनीं भोंकें दाखविलीं; तीं किंचित् वेडींवांकडीं, आंत निमुळतीं, सामत्यानें पाडलेलीं. पाट्या सांधणाऱ्या खुंट्या लांकडाच्या, फळ्यांच्या पाठीवर हातकरवतीच्या विषम रेघा. पेटी जुनी, बिजागरी मात्र मागून कोणी डागडुजी करतांना बसविलेली.

आमच्या वहींत आतां तीन निरनिराळ्या नोंदी आहेत. पोथी : पुष्पिकेंतील शकाची; प्रमाण लिखित. पेटी : यंत्रपूर्व कामाची, वर्ष अनिश्चित; प्रमाण वस्तूवरील खुणा. बिजागरी : इ. स. १९३६ नंतरची, प्रमाण स्क्रूची फुली. चौथी ओळ आम्हीं मुद्दाम घातली आहे : निर्णय गांवच्या सुताराच्या साक्षीनें. त्याच पानावर त्याच्या घोडीची आकृति, कोनांच्या मापांसह, काढून ठेविली आहे. आमच्या वाचकांनीं आपापल्या गांवीं सनदा व पोथ्या शोधतांना हत्यारांच्या जुन्या पावत्या, माहितीपत्रकें व बंद पडलेलीं यंत्रें ह्यांसही आपल्या संग्रहांत जागा द्यावी, आणि कारागिराची साक्ष तो हयात असतांच लिहून घ्यावी, एवढीच विनंति करून हा लेख पुरा करतों.